नमुन्याचं डोकं

वेस्ट हार्लो, मॅसॅच्युसेट्स
१२ ऑक्टोबर १९२४

चि. विनीस,
थिर्झाताईचे अ. आ., वि. वि.

तुझं पाकीट काल मिळालं. उघडताना त्यातून फोटो खाली पडला. उचलून पाहिला तर आधी वाटलं, बॉस्टनच्या पोस्टाने घोटाळा केला आणि कुणाच्या तरी मुलाचा फोटो आपल्याकडे आला. मग नाक ओळखलं. स्टॉवेलांचं नाक तेवढं कापून घेता येत नाही, नाहीतर तू तेही उरकून घेतलं असतंस.

विनी, हे काय करून बसलीस? बरं, केलंस ते केलंस, फोटो काढायला कुणी सांगितलं होतं? आणि काढलास तर इकडे कशाला धाडलास? सगळं गाव बायकांच्या फण्यांवर जगतं आणि तू आपली मान उघडी टाकून हसतेस!

मी लपवायच्या आत बाबांनी पाहिला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिला, आणि पावाच्या डब्याखाली पालथा घालून ठेवला. शनिवारचे बीन्स खाल्ले. मग मागच्या शेडमध्ये जाऊन करवतींना धार लावत बसले. त्या करवतींना धार परवाच लावली होती. तू टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी धरून गेलीस तेव्हाही ते असेच बसले होते, पण तेव्हा निदान जेवताना मीठ मागितलं होतं.

तुला इथलं ठाऊक नाही म्हणून लिहिते. देशभरच्या बायका केस कापत सुटल्यापासून खोप्यात खोचायच्या उंच फण्या कुणी घेत नाही. गेल्या महिन्यात पॉलिशची अख्खी शेड बंद झाली. मालकांनी, म्हणजे मि. हॅल्सींनी, कारखान्याच्या फाटकावर पाटी लावली आहे, की ज्या घरातली बाई केस कापेल त्या घरातल्या कुणालाही इथे काम मिळणार नाही. फण्यांचं सेल्युलॉइड पेटेल म्हणून रोज सकाळी फाटकावर पुरुषांचे खिसे काड्यापेटीसाठी चाचपतात ना, तसेच आता आम्हा बायकांच्या टोप्या काढून बघतात. माझ्या शेजारी कामाला बसणारी मिसेस टियर्नी म्हणते, अजून पोटातलं तपासत नाहीत हे नशीब.

म्हणून पोरी, केस खांद्याखाली येईपर्यंत इकडे फिरकू नकोस. थँक्सगिव्हिंगलासुद्धा नको. मला तुझ्याशिवाय ती टर्की घशाखाली उतरायची नाही, पण बाबांची जागा आधीच धाग्यावर लोंबते आहे.

रात्री झोपताना घशाला फ्लॅनेल गुंडाळत जा. तुझ्या केसांएवढा तोकडा लोभ मात्र करू नकोस.

तुझी,
थिर्झाताई

—

बॉस्टन
२ नोव्हेंबर १९२४

प्रिय थिर्झाताईस,
सा. न. वि. वि.

तुझी बोलणी पोचली. दोनदा वाचली, कारण त्यात तुझा आवाज होता.

ताई, कसं झालं ते ऐक तरी. एक्स्चेंजात दिवसभर कानाला यंत्र लावून बसतो आम्ही, आणि त्याची पट्टी डोक्यावरून जाते. अंबाडा मध्ये येतो. जरा वर बांधला तर पट्टी घसरते, खाली बांधला तर मान अवघडते. एकेक करून सगळ्या मुली न्हाव्याकडे जाऊन आल्या. बायकांच्या केशभूषेच्या दुकानात नव्हे हं, तिथल्या बाया कापायला नाही म्हणतात. सरळ पुरुषांच्या न्हाव्याकडे. रांग रस्त्यापर्यंत. माझी पाळी आली तेव्हा न्हाव्याने विचारलं, की वडिलांची परवानगी आहे का. मी म्हटलं, आहे. त्या एका खोट्याबद्दल देव मला बघून घेईल. कात्री चालली आणि वेणी त्याच्या हातात आली, तेव्हा डोकं एकदम वर उडेल की काय असं वाटलं. इतकं ओझं मी वागवत होते आणि मला पत्ता नव्हता. तुझं तर माझ्या दुप्पट आहे.

बाबांना दुखवायचं नव्हतं. फोटो पाठवला तो तुम्ही हसाल म्हणून. मी मूर्ख आहे, दुसरं काही नाही.

पण हॅल्सीची पाटी वाचून माझं डोकं फिरलं. माझ्या मानेवर माझी मालकी की त्याची? मी अंधार पडल्यावर येऊन पहाटे परत गेले तर? बरं, नाही येत. थँक्सगिव्हिंगला घरमालकीणबाईंकडे जेवेन. त्यांची टर्की बुटाच्या तळव्यासारखी असते असं सगळ्या मुली सांगतात.

इथे एक गंमत वाटते. कशालाच कापराचा वास येत नाही. आपल्या गावात फण्यांच्या सेल्युलॉइडमधल्या कापराचा वास पावालाही लागतो, आणि मी समजत होते की जगाचा वासच तसा आहे.

तू का येत नाहीस इकडे? चेष्टा नाही करत. विचार कर.

माझे केस तोकडे, जीभ लांब, आणि लोभ होता तेवढाच आहे.

तुझी धाकटी,
विनी

—

वेस्ट हार्लो
१८ जानेवारी १९२५

चि. विनीस,
अ. आ., वि. वि.

नाताळात पाठवलेले हातमोजे मिळाले. बाबांना कुणाकडून ते सांगितलं नाही, पण ते घालतात. काय समजायचं ते समज.

तू विचार कर म्हणालीस. गेले दोन महिने दुसरं काही केलं नाही. म्हणून आज तुला इथलं सगळं लिहिते, अर्धं सांगून तुला राग येतो आणि तो बाबांवर निघतो.

कोरीवकामाची बाकं बंद झाली. जे काम बाबा तीन दिवस करायचे ते आता साचा एका दाबात करतो. बाकीचे कारागीर घरी बसले. बाबांना ठेवलं, आणि मि. हॅल्सींनी तोंडावर सांगितलं की ते तुझ्या थोरलीच्या डोक्यासाठी. कारखान्यात गुडघ्यापर्यंत केस असलेली आता मी एकटीच. नवा नमुना निघाला की मला वर बोलावतात. उंच स्टुलावर बसायचं, न्यूयॉर्क-शिकागोच्या व्यापाऱ्यांकडे पाठ करून. ते फण्या खोचतात, काढतात, पुन्हा खोचतात. माझं तोंड कुणी पाहत नाही. मीही त्यांची तोंडं पाहिलेली नाहीत. शिकागोचा तो खोकतो, आणि फिलाडेल्फियाच्याचे हात थंड असतात, एवढंच ओळखते. मिसेस टियर्नी मला 'नमुन्याचं डोकं' म्हणते. पहिल्यांदा हसू आलं होतं.

घरी रविवारी बाबा माझे केस धुतात. पावसाचं पाणी, अंडं, मग खिडकीशी बसवून वाळेपर्यंत ब्रश. आई गेल्यावर आपल्या दोघींच्या वेण्या त्यांनीच घातल्या, आठवतं? शेजारणी हसायच्या, पण अख्ख्या गल्लीत आपल्यासारख्या वेण्या कुणाच्या नव्हत्या. ब्रश फिरवताना ते अजून तेव्हासारखेच गुणगुणतात. माझ्याशी बोलायचं त्यांना दुसरं काही सुचत नाही, विनी. सगळी माया त्यांच्या बोटांत आहे.

डोकं मात्र आता रोज दुखतं. मानेतून सुरू होतं ते डोळ्यांपर्यंत. काल फण्या पुठ्ठ्यावर शिवताना बाकावरच उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, एवढं ओझं कुठलीही मान पेलणार नाही, कापून टाक. बाबा म्हणाले, डॉक्टरच्या बायकोनेच कापलेत, तो दुसरं काय सांगणार!

मी कापले तर बाबा त्याच दिवशी रस्त्यावर. नाही कापले तर मी अशीच. आहे हे असं आहे. तुला उगीच घोर लावला. पण कुणाला तरी सांगायचं होतं.

थंडीत जपून राहा, आणि तुझ्या पत्राची वाट पाहणाऱ्या माणसाला फार ताटकळवू नकोस.

तुझी,
थिर्झाताई

—

बॉस्टन
१ मार्च १९२५

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

आधी बातमी, मग बाकीचं. तुझं काम झालं!

आमच्या मुख्य बाई, मिस ऑलकॉट, फार कडक आहेत, पण मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, आवाज कसा आहे. मी म्हटलं, माझ्या बहिणीने हळू दटावलं तरी घोडं उभं राहतं. त्या हसल्या. मिस ऑलकॉट हसल्या ही बातमी अख्ख्या मजल्यावर पसरली. जूनमध्ये नव्या मुली घेणार आहेत, त्यात तुला घेतील. इथे तोंड कुणी बघत नाही हे तुझ्या स्टुलासारखंच, पण इथे लोक तुझं ऐकतात तरी.

खोलीत मी दुसरी खाट टाकून घेतली. आता दार अर्धंच उघडतं, पण खिडकीतून नदीचा एक तुकडा दिसतो. तुझ्या बाजूची भिंत कोरडी आहे, माझी ओली. म्हणजे बघ मी किती चांगली आहे.

बाबांचं काय, हे तू लगेच लिहिशील. म्हणून मीच लिहिते. बाबांचे हात शाबूत आहेत. बॉस्टनमध्ये चष्म्याच्या फ्रेमा करणारे लोक आहेत, छत्र्यांच्या मुठी करणारे आहेत. ज्याला फणीवर द्राक्षवेल कोरता येते त्याला छत्रीची मूठ जड नाही. ते येणार नाहीत म्हणतील. म्हणू देत. पण त्यांनी नको म्हटलं म्हणून तू आयुष्यभर स्टुलावर बसायचं, असं कुठे ठरलं आहे? ताई, तू सत्तावीस वर्षांची आहेस. मला तुझी काळजी वाटते, आणि ती मी चेष्टेत लपवून लपवून थकले.

त्यांना सांग. एकदा सांगून तर बघ.

रिकाम्या खाटेला माणूस लवकर मिळो, एवढंच मागते.

तुझी,
विनी

—

वेस्ट हार्लो
२६ एप्रिल १९२५

चि. विनीस,
अ. आ., वि. वि.

सांगितलं.

गेल्या रविवारी, केस वाळत असताना. त्यांचं तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं. मी एका दमात सगळं बोलून टाकलं, बॉस्टन, एक्स्चेंज, डोकेदुखी, खाट. ब्रश थांबला नाही. मग ते म्हणाले, की जा.

विनी, मला रडूच फुटलं. त्यांनी ब्रश ठेवला आणि खांद्यावर हात ठेवला, हे त्यांनी आई गेल्यावर केलं होतं, त्यानंतर आत्ताच.

एवढंच म्हणाले, की एक फोटो होऊ दे. मि. हॅल्सींनी मोठ्या मासिकात पानभर जाहिरात द्यायची ठरवली आहे. बाबांना सांगितलंय, की या जाहिरातीने फण्यांना पुन्हा दिवस आले तर कोरीवकामाचं बाक उघडेन आणि तू मरेपर्यंत ते तुझं राहील. बाबा त्यासाठी एक फणी कोरताहेत. वीतभर उंच, सेल्युलॉइडची पण हुबेहूब कासवाच्या पाठीची, आणि तिच्यावर रानद्राक्षाची वेल. मी त्यांचं काम लहानपणापासून पाहते आहे, पण असं पाहिलं नाही. पानाच्या शिरासुद्धा दिसतात. जेवायला दहादा हाक मारावी लागते. तू इथे असतीस तर तूही एक दिवस केस वाढवले असतेस तिच्यासाठी.

फोटो मे महिन्यात, २३ तारखेला. मग मोकळी. केस न्हाव्याकडे कापायचे नाहीत, ते स्वतः कापणार म्हणाले, सरळ रेषेत, त्या लोकांना रेघ कळत नाही म्हणे. मी जूनच्या पहिल्या शनिवारी गाडीत बसेन. स्टेशनवर ये, मला तुझ्या त्या गल्ल्या सापडायच्या नाहीत.

डोकं दुखतंच, पण आता त्याला शेवट दिसतो म्हणून सोसतं.

लवकरच तोंडाने बोलू, तोवर हा कागदावरचा लोभ पुरवून खा.

तुझी,
थिर्झाताई

—

वेस्ट हार्लो
३१ मे १९२५

चि. विनीस,
डिलिया टियर्नीचे अ. आ., वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दवाखान्यात तू मला विचारलंस, की कसं झालं, आणि मी तोंड फिरवलं. तुझे बाबा शेजारी उभे होते, त्यांच्यासमोर मला बोलता येईना. तुला ते सांगणार नाहीत आणि थिर्झा अजून धड शुद्धीवर नाही. तेव्हा मी सांगते. मी तिथे होते.

त्या शनिवारी वरच्या नमुन्यांच्या खोलीत पडदे लावले. तुझ्या बाबांनी स्वतः तिचा अंबाडा घातला. तासभर घालत होते. सगळे केस वर, पीळ देऊन, आणि मध्ये ती फणी, अशी घट्ट की भूकंपातही हलू नये. पोरगी राणी दिसत होती. मी तिला म्हटलंही, की नमुन्याच्या डोक्याला आज मुकुट मिळाला. ती म्हणाली, की जूनमध्ये उतरवते आहे.

फोटोवाला वुस्टरहून आलेला. खोलीत उजेड कमी, म्हणून त्याने ती पूड आणलेली, तव्यावर ठेवून पेटवतात आणि भपकन उजेड होतो. आमच्या फाटकावर नवऱ्याच्या खिशातली एक काडी सोडत नाहीत, विनी. वीस वर्षं मी कामाला आहे, स्वयंपाकघरात चूल पेटवण्याआधी डोक्यातली फणी काढून ठेवते, हे हाताला आपोआप होतं. पण तो मालकांचा पाहुणा. मालकांबरोबर गाडीतून आत आला. त्याला कुणी चाचपलं नाही, आणि त्या पुडीला आम्ही कुणी आग म्हटलं नाही. तो फोटोचा उजेड होता.

पहिला फोटो झाला. मग तुझे बाबा म्हणाले, की एवढ्या लांबून पानांच्या शिरा यायच्या नाहीत, तवा जवळ घ्या. तो म्हणाला, पुरे आहे. बाबा म्हणाले, घ्या जवळ. त्याने घेतला.

उजेड झाला आणि आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा फणी पेटलेली होती. तुला माहीत आहे सेल्युलॉइड कसं जळतं, त्याला फुंकर नको की वारा नको. ती फणी ओढून निघेना. तुझ्या बाबांनी डाव्या हाताने धरून ओढली, हात भाजला तरी सोडली नाही, पण पीळ इतके घट्ट घातले होते. शेवटी मी बादली ओतली. मग दुसरी ओतली. मि. हॅल्सी खोलीत कुठे होते ते मला आठवत नाही.

तुझ्या बाबांना मी दोष देत नाही आणि माफही करत नाही. तू तुझं ठरव. ते जेवत नाहीत. मी रस्सा नेऊन ठेवते, तो तसाच परत आणते.

डॉक्टर म्हणतात, जगेल. डाव्या बाजूला केस यायचे नाहीत, आणि तो कान गेला. तुला खरं हवं होतं म्हणून लिहिलं.

देवावरचा विश्वास ठेव, आणि या म्हातारीवर रागावू नकोस.

डिलिया टियर्नी

—

बॉस्टन
१४ जून १९२५

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

नर्स हे पत्र तुला वाचून दाखवणार आहे, तेव्हा मी शहाण्यासारखं लिहिते.

मिस ऑलकॉटनी मला दोनच दिवस सोडलं, नाहीतर मी तुझ्या खाटेखाली झोपले असते. पुढच्या महिन्यात मला आठवड्याची सुटी आहे, तेव्हा येते. तुला घेऊन यायला येते, बघायला नव्हे. खाट तशीच आहे. परवा पाऊस झाला तेव्हा तुझ्या बाजूची भिंत पण ओली झाली, म्हणजे आता आपण सारख्या.

मिसेस टियर्नींनी मला सगळं लिहिलं. त्यावर मला आत्ता काही बोलायचं नाही.

एक सांगते. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबा भेटले. डाव्या हाताला पट्टी. मला वाटलं, आता मारतील किंवा जवळ घेतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. माझ्या डोक्याकडे पाहत राहिले, गालापासून मानेपर्यंत, आणि ओठ हलत होते. मला वाटलं, प्रार्थना करताहेत. मी त्यांचा चांगला हात हातात घेतला तरी त्यांची नजर माझ्या केसांवरून हलली नाही. मला त्यांची फार दया आली, ताई, आणि तितकाच राग आला, आणि मी दोन्ही घेऊन गाडीत बसले.

दूध पीत जा. नर्सबाई, तिला दूध प्यायला लावा, ती लहानपणापासून खिडकीतून ओतून देते.

तुझ्या माझ्यात आता पत्रांपुरतंच अंतर राहो.

तुझी,
विनी

—

वेस्ट हार्लो
२८ जून १९२५

चि. विनिफ्रेडला,
एनॉक स्टॉवेलचे अ. उ. आ., वि. वि.

तुला पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. माझं अक्षर चांगलं नाही, सांभाळून घे.

थिर्झाला मंगळवारी घरी आणली. जखमा भरताहेत. ती बोलते, थोडं खाते. माझा उजवा हात शाबूत आहे, ही देवाची कृपा. दवाखान्याचा सगळा खर्च मि. हॅल्सींनी केला. लोक त्यांच्याबद्दल काही बोलतात ते ऐकू नकोस.

फोटो फार सुरेख आला आहे. दुसरा. फोटो ज्या काचेवर उमटतो ती काच शाबूत राहिली. आग लागण्याच्या आधीचा क्षण असावा, थिर्झा शांत बसलेली आहे आणि वेलीच्या पानाची शीर न् शीर दिसते. मी म्हणालो होतो तसंच झालं, लांबून ती आली नसती. मासिकात पुढच्या महिन्यात छापून येणार. मि. हॅल्सींनी मला एक प्रत दिली. ती मी कपाटात ठेवली आहे, थिर्झाला अजून दाखवली नाही.

आता कामाचं लिहितो. जाहिरात आली की व्यापारी येतील, आणि त्यांना दाखवायला डोकं लागेल. मि. हॅल्सी म्हणाले, स्टॉवेल, तुझ्या घरात आणखी एक मुलगी आहे ना. मी म्हणालो, तिने कापले आहेत. ते म्हणाले, वाढतात. पाटीचं मी बघतो, तिला घरी बोलाव.

विनिफ्रेड, मी तुझे केस लहानपणापासून पाहिले आहेत. थिर्झाच्यापेक्षा तुझा केस जाड आणि त्याला रंग जास्त. दवाखान्यात पाहिले तेव्हा अंदाज घेतला. येत्या वर्षाच्या अखेरीस खांद्याखाली येतील. तोवर अडायचं कारण नाही. दवाखान्यात थिर्झाच्या उजव्या बाजूचे केस कापून काढावे लागले, ते चांगले होते. मी मागून आणले. धुऊन, विंचरून वेणी केली आहे. तुझे वाढेपर्यंत ती जोडता येईल. मी बेमालूम जोडीन, कुणाला कळायचं नाही.

तू परत ये. मी तुझ्यावर रागावलो होतो ते सगळं सोडून दिलं. बाक उघडलं तर मी तुझ्यासाठी याहून चांगली फणी कोरीन. मला दुसरं काही करता येत नाही.

म्हाताऱ्या बापावर जमेल तेवढी माया ठेव.

एनॉक स्टॉवेल

—

वेस्ट हार्लो
५ जुलै १९२५

चि. विनीस,
अ. आ., वि. वि.

पेन्सिलीने लिहिते आहे, झोपून. ओळी वाकड्या झाल्या तर हसू नकोस.

बाबांनी तुला लिहिलेलं पत्र पोस्टात टाकण्याआधी मला वाचून दाखवलं. माझ्या उजव्या बाजूला खुर्ची घेऊन बसले आणि मोठ्याने वाचलं, एकेक ओळ. फोटोचं तेवढं काही वाचलं नाही, तो चांगला आल्याचं मला नंतर मिसेस टियर्नीकडून कळलं. वाचून झाल्यावर विचारलं, की बरं लिहिलंय ना. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांत बराच वेळ शोधलं आणि मला ते सापडलं नाही. सापडलं असतं तर सोपं झालं असतं.

मी त्यांना थांबवलं नाही. म्हटलं, बरं लिहिलंय. तुझ्याशी मी वेगळं बोलणार होते म्हणून.

ती वेणी त्यांनी खुंटीला टांगली आहे, दाराच्या मागे. दार लावलं की दिसते. ते कामावर गेले की मी दार उघडं ठेवायला सांगते. संध्याकाळी येऊन ते ती उतरवतात, मांडीवर घेतात आणि ब्रश फिरवतात. आणि विनी, गुणगुणतात. मी बिछान्यात पडून ऐकते. माझ्या डोक्याला ते आता हात लावत नाहीत, पट्टीसुद्धा मिसेस टियर्नी बदलते.

ऑक्टोबरात मी तुला केस वाढवायला सांगितलं होतं. आता ऐक. वाढवू नकोस. एक बोटभर नको. सुटीला यायच्या आदल्या दिवशी त्या न्हाव्याकडे जा आणि आणखी काप म्हणून सांग, मागून मशीन फिरवून, पुरुषांचे कापतात तितके. कुठलीही वेणी जोडायला जागाच राहू नये, इतके. बाबांच्या हातात फार कसब आहे. बोटभर केस मिळाले तरी ते जोडतील.

शनिवारी ये, दुपारच्या भोंग्याला. स्टेशनवरून आधी घरी येऊ नकोस. फाटकाशी जाऊन उभी राहा, टोपी काढून. कामावरचे सगळे बाहेर पडतील, मि. हॅल्सीही गाडीतून निघतात, सगळ्यांना नीट दिसू दे, म्हणजे त्यांना पाटीचं गुपचूप बघून घेता येणार नाही. बाबा तुझ्याकडे येतील, त्यांनाही दिसू दे.

त्यांची जागा जाईल, मला माहीत आहे. त्यांचं बाक, वेल, सगळं जाईल, आणि ते माझ्याशी बोलणार नाहीत, कदाचित कधीच. हे मी या बिछान्यात सगळं धरून पाहिलं आहे. छत्र्यांच्या मुठीचं तू त्यांना विचार, मी विचारलं तर भांडण होईल. मिस ऑलकॉटना माझ्याबद्दल आधीच खरं सांगून ठेव, तोंडाचं आणि कानाचं. उजव्या कानाने मला चांगलं ऐकू येतं. घेतलं तर घेतलं.

त्यांच्यावर रागावून येऊ नकोस, त्याने काही होत नाही. नुसती ये आणि टोपी काढ. ते मी करायला हवं होतं, पण माझ्याकडे आता कापायला काही राहिलेलं नाही.

वाट पाहते,
थिर्झा